टोळ, कलानीत आणि यरुशलेमचा कॅमेरा

पेसाहच्या रात्री हग्गादा वाचताना मिसर देशावर आलेल्या दहा पीडांची नावे आपण एकामागून एक उच्चारतो आणि प्रत्येक नावाला मनुकांच्या शरबताचा एक थेंब बाजूला काढतो. आठवी पीडा 'अर्बे', म्हणजे टोळ. नाव घेऊन आपण पुढे जातो. हा कीटक जवळून कसा दिसतो, अंडी कोठे घालतो, कात कशी टाकतो, याचा विचार सहसा मनात येत नाही. परंतु सन १९१५ साली याच देशात काही छायाचित्रकार त्याच्यासमोर कॅमेरा रोवून बसले होते. त्यांच्या कामाचा इतिहास वाचकांपुढे ठेवावा असे आम्हांस वाटते. त्यातला एक धागा हिंदुस्थानापर्यंत जातो, हेही त्याचे एक कारण.

यरुशलेममध्ये १८८१ साली शिकागोहून आलेल्या होरेशिओ व अ‍ॅना स्पॅफर्ड या ख्रिस्ती दांपत्याने आपल्या सोबत्यांसह एक वसाहत स्थापन केली. तिला 'अमेरिकन कॉलनी' असे नाव पडले. १८९६ साली स्वीडनमधील शेतकरी कुटुंबे तिला येऊन मिळाली. १८९८ साली जर्मनीचा कैसर दुसरा विल्हेल्म यरुशलेमला आला, त्या सुमारास कॉलनीत छायाचित्र विभाग सुरू झाला. त्याचा आरंभ करणारे गृहस्थ एलायजा मेयर्स. ते हिंदुस्थानात ज्यू कुटुंबात जन्मले व पुढे ख्रिस्ती झाले. धर्माची वाट त्यांनी बदलली असली, तरी या पवित्र भूमीच्या एका मोठ्या चित्रसंग्रहाची पहिली पावले हिंदुस्थानात जन्मलेल्या माणसाने टाकली, ही गोष्ट आपल्या मंडळींना ठाऊक असावी. त्यांच्या हाताखाली लुईस लार्सन आणि एरिक मॅटसन ही स्वीडिश मुले तयार झाली.

त्या काळी जवळून छायाचित्र घेणे सोपे नव्हते. लाकडी कॅमेरा तिकाटण्यावर उभा करावयाचा, मागच्या दुधी काचेवर उलटी प्रतिमा पाहावयाची, मग काचेची प्लेट घालावयाची. वस्तू जितकी जवळ, तितका कॅमेऱ्याचा भाता लांब ताणावा लागे. फूल किंवा कीटक प्लेटवर त्याच्या खऱ्या आकाराएवढा यावा असे वाटल्यास, दूरच्या देखाव्यासाठी भिंग व प्लेट यांत जेवढे अंतर पुरते त्याच्या दुप्पट अंतर ठेवावे लागते. प्रकाश मात्र चौथा हिस्साच पोहोचतो, म्हणून प्लेट चौपट वेळ उघडी ठेवावी लागते. शिवाय इतक्या जवळून भिंगाला जेमतेम थोडी खोली स्पष्ट दिसते. डोळा ठळक आला तर पंख धूसर होतात. ते टाळण्यासाठी भिंगाचे छिद्र लहान करावे, तर वेळ आणखी वाढतो. तेवढ्यात वाऱ्याची झुळूक आली किंवा किड्याने पाय हलविला, की प्लेट फुकट गेली.

फुलांच्या बाबतीत त्यांनी सोपा मार्ग काढला. कॉलनीच्या रानफुलांच्या चित्रमालिकेत कित्येक ठिकाणी फुलामागे साधी पार्श्वभूमी दिसते. तेथे डोंगर नाही, देऊळ नाही, माणूस नाही. फक्त देठ, पाने आणि पाकळ्या. आपण ज्याला कलानीत म्हणतो ते तांबडे फूल, राकेफेत, काळसर आयरिस, सर्व तेथे आहेत. रंगीत छायाचित्रण तेव्हा सर्वांच्या आवाक्यातले नसल्याने काळ्यापांढऱ्या चित्रांवर हाताने रंग चढवीत. ही चित्रे व जादूच्या कंदिलाच्या काचा परदेशी यात्रेकरू विकत घेत. वाळविलेली फुले चिकटविलेली कार्डेही त्या काळी यरुशलेममध्ये विकली जात. मात्र कार्डातले फूल वर्षभरात फिके पडते, काचेवरचे तसेच राहते.

एवढेच झाले असते, तर हा केवळ शोभेचा धंदा ठरला असता. पण १९१५ साली परीक्षेची वेळ आली. महायुद्ध चालू होते आणि देश तुर्कांच्या अमलाखाली होता. मार्च महिन्यात टोळांचे थवे यरुशलेमवर आले व ऊन झाकोळले. त्या वर्षी पेसाहही मार्चच्या अखेरीसच होता. तेव्हा सेदरच्या टेबलावर 'अर्बे' हा शब्द उच्चारताना लोकांच्या मनात काय आले असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी. आलेल्या थव्यांनी जमिनीत अंडी घातली, त्यांतून पिले निघाली व ती रांगत, उड्या मारीत शेते, मळे आणि अंगणांतून पुढे सरकू लागली. हे संकट ऑक्टोबरपर्यंत चालले.

सरकारने १५ ते ६० वर्षे वयाच्या प्रत्येक पुरुषाने २० किलो अंडी गोळा करून आणावीत, नाही तर दंड भरावा, असा हुकूम काढला. लष्करी प्रमुख जमाल पाशा याने टोळांविरुद्धची मोहीम कृषितज्ज्ञ आरोन आरोनसोन यांच्याकडे सोपविली. रानटी गव्हाचा शोध लावणारे ते हेच. पिलांना हाकलून खड्ड्यांत व पत्र्याच्या सापळ्यांत लोटणे, पुरणे, जाळणे असे सर्व उपाय झाले.

या काळात लार्सन व त्यांचे सहकारी कॅमेरा घेऊन जमिनीशी वाकले. मादी आपले पोट मातीत खुपसून अंडी घालीत आहे, कात टाकणारा टोळ जुन्या सालीतून बाहेर येत आहे, नवे पंख उलगडत आहेत, असे एकेक क्षण त्यांनी प्लेटवर घेतले. जमिनीतून निघाल्यापासून पंख येईपर्यंत हा टोळ ५ वेळा कात टाकतो. रंगही बदलतो. पिले आधी काळी असतात, मग अंगावर पिवळे पट्टे उमटतात, कोवळा पंखवाला टोळ गुलाबी असतो आणि अंडी घालण्याच्या वयात तो पिवळा होतो. काळ्यापांढऱ्या चित्रावर हाताने रंग देण्याची फुलांच्या वेळची विद्या येथे किती उपयोगाची होती, हे सांगावयास नको. त्यांनी एक अंजिराचे झाड हिरवेगार असताना टिपले आणि टोळांनी फस्त केल्यावर तेच झाड पुन्हा टिपले. दोन चित्रे शेजारी ठेवली की व्याख्यानाची गरज राहत नाही.

कॉलनीतले जॉन व्हाइटिंग, ज्यांचा जन्म यरुशलेमचाच, यांनी या चित्रांसह 'नॅशनल जिऑग्राफिक' मासिकाच्या डिसेंबर १९१५ च्या अंकात लेख लिहिला व तनाखमधील वर्णनांशी ताडून पाहिला. नबी योएलच्या पहिल्या अध्यायात गाझाम, अर्बे, येलेक व हासील अशी टोळांची चार नावे येतात. ही चार जातींची नावे की एकाच टोळाच्या वाढीच्या चार अवस्था, हा पंडितांचा जुना वाद. कात टाकणाऱ्या टोळाची चित्रे क्रमाने पाहिली म्हणजे दुसरे मत लोकांना का पटते ते समजते. त्याच अध्यायात सोललेल्या, पांढऱ्या पडलेल्या अंजिराच्या फांद्यांचा उल्लेख आहे. आम्ही तो अध्याय लहानपणापासून वाचीत आलो. पण ती दोन चित्रे पाहिल्यावर नबी अलंकार वापरीत नव्हता, डोळ्यांनी पाहिलेले सांगत होता, हे उमगते.

१९३४ पासून हे काम मॅटसन यांच्या नावाने चालले. १९४६ साली ते अमेरिकेस गेले आणि १९६६ साली त्यांनी आपला संग्रह वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयाला दिला. त्यात २२,००० हून अधिक निगेटिव्ह व काचा आहेत. यरुशलेममध्ये मागे राहिलेल्या काही निगेटिव्हांना मात्र पाणी लागले. आज हा संग्रह घरबसल्या कोणालाही पाहता येतो.

इस्राएलने १९६३ साली निसर्गरक्षणाचा कायदा केला आणि रानफुले तोडू नका ही मोहीम घरोघरी पोहोचली. आता फेब्रुवारीत नेगेवच्या उत्तरेस कलानीत फुलते तेव्हा लोक फूल खुडीत नाहीत, गुडघे टेकून चित्र घेतात. टोळही गेलेले नाहीत. मार्च २०१३ मध्ये, पेसाहच्या तोंडावर, मिसरकडून त्यांचे थवे नेगेवमध्ये उतरले होते.

एक गोष्ट मात्र आम्हांस सलते. त्या संग्रहात टोळाच्या प्रत्येक अवस्थेला नाव आहे, फुलाला नाव आहे. परंतु उपाशीपोटी माती उकरून २० किलो अंडी वेचणाऱ्या माणसांची नावे चित्रांखाली सहसा आढळत नाहीत. कॅमेऱ्यामागे कोण होता हेही पुष्कळदा कळत नाही, कारण चित्रे विभागाच्या एकत्र नावाने निघत. किड्याला जवळून पाहण्यास जो धीर लागतो तोच माणसाला जवळून पाहण्यासही लागतो. आपल्या घरोघरी अलिबाग, पेण, मुंबई येथून आणलेली जुनी छायाचित्रे पेटीत पडून आहेत. त्यांतील चेहरे ओळखणारी वडीलधारी मंडळी आज आपल्यात आहेत. त्यांच्याजवळ बसून प्रत्येक चित्राच्या मागे नाव, गाव व साल पेन्सिलीने लिहून ठेवावे, एवढीच आमची वाचकांस विनंती आहे.