तुळशीचं औषध

आमची आई रोज सकाळी अंघोळ झाली की तुळशीची दोन पानं तोंडात टाकते. लातूर जिल्ह्यातलं गाव सोडून ती माझ्याकडे नांदेडला आली, तेव्हापासून तिचं शेत म्हणजे गॅलरीतल्या अकरा कुंड्या. तुळस, पुदिना, ओव्याची पानं, गवती चहा आणि एका फुटक्या टबात कढीपत्त्याची रोपं.

मागच्या पावसाळ्यात तुळशीच्या कोवळ्या रोपांवर मावा पडला. शेंडे आकसले, पानं चिकट झाली, मुंग्यांची रांग लागली. मी येता येता दुकानातून एक छोटी बाटली आणली, झाकणभर पाण्यात कालवलं आणि फवारून मोकळा झालो. आईला सांगायचं राहून गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा हात तुळशीकडे गेला तेव्हा मी ओरडलोच, "आई, थांब! औषध मारलंय!"

हात तिथंच थांबला. "औषीद मारलास? तुळशीला?" एवढंच म्हणाली. मग हात धुऊन आली. थोड्या वेळानं परत धुतले. त्या दिवशी ती गॅलरीत गेलीच नाही.

मराठवाड्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवं. आमच्याकडे "अमक्यानं औषध घेतलं" असा गावाकडून फोन आला, तर कोणी विचारत नाही, कशावरचं म्हणून. आमच्या भावकीतही असा एक फोन येऊन गेलाय. घरचेही हे वाचतात, म्हणून जास्त लिहीत नाही.

पण त्या सकाळपासून एक गोष्ट डोक्यात बसली. विषाला आपण औषध कधीपासून म्हणायला लागलो? आणि आज्जी काय वापरायची?

आज्जीचं मला चांगलं आठवतं. वांग्या-मिरचीच्या वाफ्यावर सकाळच्या दहिवरात चुलीची राख भुरभुरायची. ज्वारीच्या कणगीत लिंबाचा पाला घालायची. (आमच्याकडे लिंब म्हणजे कडुलिंब, खायचं ते लिंबू.) मावा फारच झाला तर तंबाखू उकळून ते पाणी शिंपडायची. यातल्या कशालाच ती औषध म्हणत नव्हती. पाला तो पाला, राख ती राख. आणि हो, आज्जीचं सगळंच निरुपद्रवी होतं असंही समजू नका. तंबाखूच्या पाण्यातलं निकोटिन जहाल विष आहे. "घरचं आहे, काही होत नाही" म्हणून ते आज खायच्या रोपावर कुणी मारू नये.

मग औषध आलं कुठून? आईला तिच्या माहेरची एक आठवण आहे. हिवतापवाले यायचे, भांडीकुंडी अंगणात काढायला लावायचे आणि पंपानं भिंतींवर डीडीटी मारून जायचे. सरकारचा हिवताप नियंत्रण कार्यक्रम १९५३ साली सुरू झाला. तेव्हा आमचा भाग हैदराबाद राज्यात होता. त्या फवारणीनं डास खरंच कमी झाले, थंडीतापानं माणसं मरायची ती वाचली. म्हणजे आमच्या घरात ते पहिल्यांदा आलं ते औषध म्हणूनच! माझा आपला अंदाज असा, की पुढे तोच पंप आणि तशाच पावडरी शेतात गेल्या, तेव्हा नावही सोबत गेलं. बीएचसीची पावडर तर आमच्याकडे धान्यालाही लावायचे, पोत्यावर हात फिरवून. शेतीतला डीडीटी १९८९ साली बंद झाला, बीएचसी १९९७ साली, एंडोसल्फान २०११ साली. तोवर कापसाबरोबर बाकीच्या बाटल्या घरोघर पोचल्या होत्या. २०१७ साली आमच्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ते काही प्यायले नव्हते. नुसतं फवारत होते.

आता गंमत बघा. आम्ही लिंबाला विसरत होतो, त्याच काळात जग त्याच्याकडे बघत होतं. १९५९ साली सुदानमध्ये टोळधाड आली. हाइनरिश श्मुटरर नावाच्या जर्मन कीटकशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की टोळांनी सगळं फस्त केलं, पण लिंबाची झाडं हिरवीच राहिली. १९६२ साली दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत प्रधान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निंबोळीचा गर पाण्यात कालवून पिकांवर फवारला. टोळ बसले, पण न खाताच उडून गेले. १९६८ साली निंबोळीतलं ते द्रव्य इंग्लंडमध्ये वेगळं काढलं गेलं, त्याचं नाव ॲझाडिरॅक्टिन. त्यानं कीड जागच्या जागी मरत नाही. तिची खायची वासना जाते आणि अळीला नीट कात टाकता येत नाही.

मग पेटंटची भानगड झाली. झाडांवरची बुरशी निंबोळीच्या तेलानं आवरायच्या एका पद्धतीवर अमेरिकेचं कृषी खातं आणि डब्ल्यू. आर. ग्रेस ही कंपनी यांना १९९४ साली युरोपचं पेटंट मिळालं. वंदना शिवा आणि इतरांनी त्याला हरकत घेतली. मे २००० मध्ये म्युनिकला सुनावणी झाली. तिथं अभय फडके यांची साक्ष फार महत्त्वाची ठरली: हेच काम १९८५ आणि १९८६ च्या उन्हाळ्यात पुणे आणि सांगली जिल्ह्यांतल्या शेतांवर करून पाहिलेलं होतं! पेटंट रद्द झालं. त्यावरचं अपीलही मार्च २००५ मध्ये फेटाळलं गेलं.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा छाती फुगली. मग जरा खुपलं. पुण्या-सांगलीच्या चाचण्यांना तारखा होत्या, साक्षीला उभा राहणारा माणूस होता. आमच्या आज्जीच्या पाल्याला काय होतं? तिनं कुठं काही लिहून ठेवलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही. म्युनिकला पटलं ते आमच्या घरात मात्र मला पटलेलं नव्हतं, नाहीतर मी ती बाटली कशाला आणली असती?

असो. आता कुंड्यांचं. फवारलेली तुळस आईनं उपटू दिली नाही, पण कोपऱ्यात सरकवली आणि तिचं पान पुन्हा तोडलं नाही. मंजिऱ्या चुरून नवीन रोपं केली. त्यातली निम्मी चार-पाच दिवसांत बुडाशी काळी पडून आडवी झाली. मी लगेच निंबोळीकडे धावलो. आई म्हणाली, "त्येला कीड न्हाई लागली. तू पाणी लई घालतूस." ही मर. मातीतल्या बुरशीनं होते आणि सतत ओल राहिली की फोफावते. टबांना खाली भोकं पाडली, मातीत वाळू मिसळली, पाणी एकदाच आणि सकाळी. पुढची रोपं टिकली. परभणीच्या कृषी विद्यापीठाचं बायोमिक्स मिळतं, त्यात बुरशीला आवरणारी ट्रायकोडर्मासारखी उपयोगी बुरशी असते. पुढच्या खेपेला तेही मातीत घालून बघणार आहे.

माव्यासाठी आमचं आता असं चालतं. आधी नुसत्या पाण्याची बारीक धार पानांच्या खालून मारायची, अर्धा मावा तिथंच जातो. उरलेल्यासाठी पन्नास ग्रॅम वाळलेल्या निंबोळ्यांचा गर कुटून, फडक्यात बांधून लिटरभर पाण्यात रात्रभर ठेवायचा. सकाळी पिळून गाळायचं, चिमूटभर साबणाचा चुरा टाकायचा आणि उन्हं उतरल्यावर फवारायचं, कारण उन्हात त्याचा गुण जातो. उरलं तर ठेवायचं नाही. आठवड्यानं परत. दोन दिवसांत फरक दिसत नाही म्हणून मी चिडायचो. तेवढ्यात कुठून तरी ठिपक्यांचे लाल किडे आले आणि मावा खायला लागले. बाटलीतल्यानं हेही मेले असते.

फवारल्यावर आई आठ दिवस त्या कुंडीतलं पान खात नाही, दुसऱ्या कुंडीतलं खाते. नंतरही पान कडू लागतं म्हणते, पण तोंड वाकडं करत नाही. पाडव्याला लिंबाचा पाला खातोच की आपण.

कढीपत्त्यावर आत्ता तीन अळ्या आहेत, पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या. दोन मी काडीनं उचलून खालच्या लिंबूच्या झाडावर सोडणार. तिसरीला आई हात लावू देत नाही, फुलपाखरू बघायचंय म्हणते. ताई, आषाढात गावाहून येशील तेव्हा पिशवीभर निंबोळ्या आण. वाळवलेल्या आण, ओल्या आणल्यास तर वाटेत बुरशी लागेल.