हायवेच्या जागेवर सापडलेला १८०० वर्षांपूर्वीचा तरुण: त्याच्या दातांनी काय सांगितलं?

कबरीवर नाव नाही आणि आत एकही वस्तू नाही. शेताकडे जाणाऱ्या वाटेशेजारच्या चरात पुरलेला एक तरुण, एवढंच सुरुवातीला कळत होतं. इंग्लंडमधल्या केंब्रिज ते हंटिंग्डन या ३४ किलोमीटरच्या ए-१४ महामार्गाचं काम होण्याआधी त्या जागेवर उत्खनन झालं, त्यात हा सांगाडा मिळाला. तो इथला नव्हताच, हे पुढे कळलं ते त्याच्या डीएनए आणि दातांमुळे.

रस्त्याआधी उत्खनन कशासाठी?

इंग्लंडमध्ये मोठं बांधकाम करण्याआधी जमिनीखाली काय आहे हे तपासावं लागतं आणि त्याचा खर्च सहसा प्रकल्प उभारणाऱ्यालाच करावा लागतो. १९९० च्या सरकारी मार्गदर्शक सूचनांनंतर ही पद्धत रूढ झाली. ए-१४ च्या जागेवर २०१६ ते २०१८ या काळात, एका टप्प्यावर तर तब्बल २५० पुरातत्त्वज्ञ काम करत होते.

जमिनीखाली काय होतं?

लोहयुगातल्या आणि रोमन काळातल्या वस्त्या, शेतांच्या हद्दी, दफनभूमी आणि रोमन काळातल्या भांडी भाजायच्या सुमारे ४० भट्ट्या. इ.स.पूर्व ४०० च्या आसपास इथे धान्य आंबवून बिअर बनवली जात असल्याच्या खुणाही मिळाल्या.

शेत नांगरलं गेलं, घरं पडली, तरी खुणा राहतात. जुना चर बुजला की त्यातली माती आजूबाजूच्या मातीपेक्षा वेगळ्या रंगाची दिसते. वरचा थर अलगद काढला की बांध, खड्डे आणि कबरी यांचा नकाशाच उघडा पडतो.

मग हा तरुण कोण?

ऑफर्ड क्लूनी गावाजवळ सापडलेला हा तरुण इ.स. १२६ ते २२८ या दरम्यान जगला. मृत्यूवेळी त्याचं वय १८ ते २५ वर्षं होतं. लंडनच्या फ्रान्सिस क्रिक इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांनी त्याच्या कानाच्या आतल्या हाडातून डीएनए मिळवला. त्याचं नातं ब्रिटनशी नव्हे, तर आजच्या दक्षिण रशिया, युक्रेन, आर्मेनिया या भागाकडच्या सार्मेशियन लोकांशी जुळलं. हे लोक भटके आणि घोडेस्वारीत तरबेज होते.

दातांचा पुरावा काय?

दात लहानपणी घडतात आणि तेव्हाच्या अन्नाची रासायनिक खूण त्यांत कायम राहते. ज्वारी, बाजरी, राळं ही पिकं हवेतला कार्बन गहू-जवापेक्षा वेगळ्या पद्धतीने घेतात, त्यामुळे ती खाणाऱ्याच्या दातांतही फरक दिसतो. डरहॅम विद्यापीठातल्या तपासणीनुसार, साधारण पाच-सहा वर्षांचा होईपर्यंत हा मुलगा ज्वारी-बाजरीसारखं धान्य खात होता. पुढे हे धान्य कमी होत गेलं आणि गहू वाढला. म्हणजे लहानपणापासूनच त्याचा प्रवास पश्चिमेकडे सुरू होता.

तो इतक्या लांब का आला?

इ.स. १७५ मध्ये रोमन सम्राट मार्कस ऑरेलियसने ५,५०० सार्मेशियन घोडेस्वार ब्रिटनला पाठवले होते, अशी नोंद रोमन इतिहासकार कॅसियस डिओने केली आहे. हा तरुण त्यांच्यापैकी एखाद्याच्या कुटुंबातला असावा, असा संशोधकांचा अंदाज आहे. थेट पुरावा मात्र नाही. सैन्याच्या नोंदीत फौजेचा आकडा असतो, सोबत आलेल्या मुलांचा नसतो.

आता तिथे काय आहे?

२०२० पासून या महामार्गावरून वाहनं धावतायत. अशा उत्खननाने जागा वाचत नाही. एकदा खणलं की तिथले थर कायमचे मोडतात आणि उरतात ते नकाशे, फोटो, वस्तू आणि हाडं. म्हणूनच कोणता सांगाडा कुठे, कोणत्या थरात होता याची नोंद यंत्रं येण्याआधी व्हावी लागते. या तरुणाच्या बाबतीत ती झाली होती, म्हणून २०२३ मध्ये त्याची गोष्ट जगापुढे आली.