चिखलातली तार आणि आपलं रक्त

केळीच्या बागेत पाणी साचलं की आपण म्हणतो, मुळं गुदमरली. त्या चिखलात हवाच नसते. मग तिथले जिवाणू जगतात कसे? आमच्या बचत गटाच्या बैठकीत हा प्रश्न निघाला आणि आम्ही त्याचा इतिहास शोधायला बसलो.

१९११ साली इंग्लंडमधल्या डरहॅम विद्यापीठातल्या पॉटर नावाच्या प्राध्यापकांनी यीस्ट आणि जिवाणूंपासून वीज मिळवून दाखवली. ती अगदी थोडी होती. पुढे १९८७ मध्ये अमेरिकेतल्या पोटोमॅक नदीच्या गाळात डेरेक लव्हली यांना एक जिवाणू सापडला. त्याचं नाव जिओबॅक्टर. अन्नातून शक्ती काढताना इलेक्ट्रॉन सुटतात. आपण ते श्वासातल्या ऑक्सिजनला देतो, हा जिवाणू मातीतल्या गंजलेल्या लोहाला देतो. पण ते लोह तर त्याच्या शरीराबाहेर!

२००५ मध्ये लव्हली यांच्या गटाने मांडलं, की या जिवाणूचे केसासारखे तंतू तारेचं काम करतात. २०१९ मध्ये शक्तिशाली सूक्ष्मदर्शकाखाली असे तंतू पाहिले, तेव्हा प्रथिनाच्या आत ‘हीम’ नावाचे कण ओळीने बसलेले दिसले. प्रत्येक हीममध्ये लोहाचा एक अणू. विहिरीवरून बायकांनी घागरी हातोहात पुढे द्याव्या, तसा इलेक्ट्रॉन एका हीमकडून दुसऱ्याकडे जातो. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनमधलं हीम याच कुळातलं. तिथे ते ऑक्सिजन वाहतं.

हे सगळं परदेशातलंच नाही. आपल्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराच्या खाऱ्या गाळातून मोहालीच्या आयसर संस्थेतल्या संशोधकांनी वीज देणारे जिवाणू वाढवले. ते काम २०२० मध्ये प्रसिद्ध झालं. त्यातल्या एका नव्या जातीला पुढे ‘जिओअल्कलीबॅक्टर हॅलइलेक्ट्रिकस’ असं नाव मिळालं.

बैठकीत एका मावशींनी विचारलं, “मग या विजेवर मोटार चालेल का?” नाही. ही वीज फार थोडी असते. म्हणून ‘चिखलावर चालणारा दिवा’ सांगत कुणी दारी आलं, तर गटाची बचत त्याच्या हाती देऊ नका.

त्यापेक्षा हिमोग्लोबिन तपासून घ्या. लोह कमी पडलं तर पुरेसं हीम बनत नाही, आणि धाप आपल्याला लागते.