डाव्या हाताचं बलुतं

आमच्याकडं जत्रेचं बकरं कापायचं ते मुलाण्यानंच. देव हिंदूंचा, नवस हिंदूंचा, पण सुरी फिरवायला मुलाणी लागायचा. बऱ्याच गावांत तो बलुतेदारांत मोजला जाई. सुगीला धान्य आणि जत्रेत मटणाचा वाटा, ही त्याची मजुरी. कापलेल्या बोटाचा हिशोब तीत कुठं नव्हता.

बोटं कापायची ती जास्त करून डाव्या हाताची. उजव्यात सुरी, डाव्यात मांस, आणि सुरी सटकली की आधी डावाच सापडतो. उजवाही सुटत नाही म्हणा. चरबीनं मूठ बुळबुळीत होते, टोक हाडाला अडतं आणि हात मुठीवरून थेट पात्यावर घसरतो. धारदार सुरी वाईट असं लोकांना वाटतं, पण खरी वाईट बोथट. तिला जोर लावावा लागतो, आणि जोरातली सुरी कुठं जाईल सांगता येत नाही. आमच्या कोयत्याचंही तेच.

जखमेवर दगडी पाल्याचा रस पिळायचा, नाहीतर हळद दाबून चिंधी बांधायची. रक्त थांबायचं. पण बोट वाकवणारी आतली शीर तुटली तर ती पाल्यानं जुळत नाही. आमच्या मुलाणीचाचांच्या डाव्या तळव्यातून एकदा सुरी गेली. करंगळी आणि शेजारचं बोट कायमचं ताठ राहिलं. कुणी विचारलं तर म्हणायचे, "धंद्याचं हाय, चालायचंच."

इंग्रजांनी 1923 साली कामगारांच्या नुकसानभरपाईचा कायदा केला. पुढं त्याच्या परिशिष्टात बोटाबोटाचा भाव आला. अंगठा गेला तर कमाईची ताकद 30 टक्के गेली असं धरायचं, अंगठ्याजवळचं बोट गेलं तर 14, मधलं 12, करंगळी 7. पण भरपाई द्यायला मालक लागतो. चाचांचा मालक कोण? सारा गाव. म्हणजे कुणीच नाही.

त्यांचा नातू आता मांसाच्या कारखान्यात आहे. डाव्या हातात पोलादी कड्यांचा मोजा घालतो, जुन्या चिलखतासारखा. त्यानं सुरीची धार अडते. सत्तूरच्या घावापुढं मात्र त्याचं काही चालत नाही. विजेच्या करवतीजवळ तर तो काढूनच ठेवायचा. पात्यात अडकला तर हातच ओढून नेईल.

एका सुट्टीत त्यानं जुना मोजा घरी आणला. चाचांनी घालून बघितला. ताठ बोटं सरळ आत गेली. वयानं वाकलेल्या बाकीच्यांनाच वेळ लागला. हात वरखाली करत त्यांनी विचारलं, "केवढ्याला येतो रे ह्यो?"

"मला नाय ठाऊक," पोरगं म्हणालं. "कंपनी देती."