इंडिपेंडन्सची फोड

1948 पर्यंत भूमचा मुलगा निजामाच्या हैदराबाद राज्यात शिकत होता. घरात मराठी, सरकारदरबारी उर्दू. 1918 साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचं माध्यमही उर्दूच. इंग्रजी तिसरी. देवनागरी स्वर दाखवते, उर्दू ऱ्हस्व स्वर बहुधा गाळते, आणि इंग्रजी दाखवते एक, वाचते भलतंच.

म्हणून लांब शब्द घोकायचा. 'इंडिपेंडन्स'ची आपल्या अक्षरांनी फोड होते इं-डि-पें-ड-न्स. इंग्रजी कानाला त्यात चारच तुकडे ऐकू येतात, इन-डि-पेन्-डन्स. जोर तिसऱ्यावर, शेवटचा स्वर जवळजवळ गिळलेला. मराठीत जोर हलला म्हणून अर्थ हलत नाही, त्यामुळे आपला कान तो टिपतच नाही. 'फोटोग्राफ'चा जोर पहिल्या तुकड्यावर, 'फोटोग्राफी'चा दुसऱ्यावर. आपण दोन्ही एकाच ठेक्यात म्हणतो. यात लाजण्यासारखं मला तरी काही दिसत नाही.

अर्थाची फोड मात्र आपल्याला परकी नाही. दादोबा पांडुरंगांचं मराठी व्याकरण 1836 चं. उपसर्ग, धातू, प्रत्यय ही आपली जुनीच हत्यारं. 'पेंड' हा लॅटिन धातू लटकण्याचा, 'डि' म्हणजे खाली, 'इन' म्हणजे नकार. आता 'अवलंबून' घ्या: 'अव' खाली, 'लंब्' लटकणं. पुढे 'अन्' लावला की 'अनवलंबित'. तुकड्याला तुकडा जुळतो! शिकवणाऱ्याने एवढं फळ्यावर मांडलं असतं तर निम्मं घोकणं वाचलं असतं.

17 सप्टेंबर 1948 ला निजामाने शरणागती पत्करली. मराठवाड्यात त्या दिवसासाठी शब्द रुळला तो 'मुक्ती'.