साक्षीपासून लाळेपर्यंत

एखाद्याने गांजा ओढला आहे की नाही, हे संशोधकाला कसे कळावे? सोपा मार्ग म्हणजे विचारणे. १८९३ साली भारत सरकारने नेमलेल्या गांजा-भांग आयोगाने हेच केले. त्याने १,१९३ जणांच्या साक्षी नोंदवल्या.

पण आयोग तेवढ्यावर थांबला नाही. त्या काळी वेड्यांच्या इस्पितळांत अनेक रुग्णांच्या नावापुढे वेडाचे कारण म्हणून गांजा-भांगेची नोंद असे. १८९२ सालचे असे २२२ रुग्ण आयोगाने पुन्हा तपासले. कारणाचा रकाना बहुधा पोलिसांच्या माहितीवरून भरलेला होता. दुसरे कारण सापडले नाही, की लिही गांजा! छाननीनंतर उरले ९८.

रसायनशास्त्राची मदत मिळायला आणखी सत्तर वर्षे जावी लागली. १९६४ साली इस्रायलमध्ये राफाएल मेकूलम आणि येखिएल गाओनी यांनी गांजातील नशा आणणारे द्रव्य, म्हणजे टीएचसी, वेगळे करून त्याची रचना मांडली. पुढे ते हुडकणारी प्रतिपिंडे तयार झाली आणि तपासणी सोपी झाली.

लघवीत सापडतात ते टीएचसीचे शरीरात झालेले रूपांतरित पदार्थ. नेहमी ओढणाऱ्याच्या लघवीत ते कित्येक आठवडे टिकतात. लाळेत मात्र मूळ टीएचसीच सापडते. ते रक्तातून फारसे येत नाही; धुराबरोबर तोंडात चिकटते आणि बहुधा काही तासांत ओसरते. म्हणून लाळ ‘नुकतेच’ काय घडले ते सांगते, ‘गेल्या महिन्यात’ काय घडले ते नाही. टीएचसीची गोळी न चघळता गिळली, तर लाळ जवळजवळ गप्पच राहते!

डिसेंबर २००४ मध्ये ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात वाहनचालकांची रस्त्यावरच लाळ तपासणे सुरू झाले. रस्त्यावरच्या तपासणीत अमली पदार्थ आढळल्याचे सांगितलेल्या पहिल्याच चालकाबाबतचा निष्कर्ष प्रयोगशाळेत टिकला नाही. पट्टीचे उत्तर हा प्राथमिक अंदाज असतो, हा धडा त्यातून मिळाला.

आता तर अशी पट्टी संशोधनात सहभागी झालेल्यांच्या घरी पाठवता येते. प्रयोगशाळेची फेरी वाचते, पण नवे प्रश्न उभे राहतात. लाळ नक्की कोणाची? ती केव्हा घेतली? पट्टीवरची पुसट रेघ कोणी वाचली? म्हणून नमुना घेताना व्हिडिओवरून पाहणे, पट्टीचे छायाचित्र मागवणे आणि शंका आल्यास प्रयोगशाळेत फेरतपासणी करणे इष्ट ठरते.

आणि माणसाला विचारावे लागतेच. किती वर्षे, किती वेळा, कशासाठी, हे लाळ सांगत नाही. साक्ष असो वा पट्टी, रकान्यात काय लिहिले आहे यापेक्षा ते कसे लिहिले गेले, हे आधी पाहावे. १८९४ च्या अहवालातला हा धडा वर्गातल्या कोणत्याही प्रयोगवहीलाही लागू पडतो.