नीलहरित शैवल आणि मोरचूद

दक्षिण ऑस्ट्रेलियातील अलेक्झांड्रिना सरोवरावर मेंढ्या व घोडे मरत असल्याची हकीकत जॉर्ज फ्रान्सिस याने १८७८ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केली. वाऱ्याने काठाशी लोटलेली हिरवी साय जनावरे पाण्याबरोबर गिळीत, हे त्याने अचूक हेरले होते. पुढे १९०४ मध्ये अमेरिकन कृषिखात्यातील मूर व केलरमन यांनी मोरचुदाचा उपाय पुरस्कारिला, व स्वस्त म्हणून तो रूढ झाला. मात्र १९७९ मध्ये क्वीन्सलंडमधील पाम बेटावर धरणात मोरचूद टाकल्यानंतर थोड्याच दिवसांत शंभराहून अधिक मुले आजारी पडली. काहींनी तांब्यालाच दोष दिला. परंतु मेलेल्या शैवलाच्या पेशींतील विष पाण्यात उतरले, हेच मत अधिक ग्राह्य वाटते. शेततळ्यात गुरे उतरू न देणे, खतातील स्फुरद काठच्या गवतातच अडविणे, हे मार्ग संथ खरे. पण त्यांत हा धोका नाही.